विजयश्रीने सोडलेली किल्ली

काळेवाडीच्या यशवंतराव गर्जेंची थोरली लेक विजयश्री, वय वर्षं सदतीस, राहणार रावेत, ही काही जगावेगळी बाई नव्हे. ताथवड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, हिंजवडीत अकरा वर्षं नोकरी केली, नवरा निरंजन, एक मुलगी. स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप आणि कोथिंबिरीची जुडी एकाच पिशवीत कोंबून ही बाई चाकणच्या रस्त्याने जाताना दिसली, तर तुम्ही मान वळवूनसुद्धा बघणार नाही. पण तीन वर्षं त्या पट्ट्यातल्या बेचाळीस वर्कशॉपचं नशीब हिच्या पर्समध्ये पडून होतं. टिकल्यांचं पाकीट, डोकेदुखीच्या गोळ्या आणि त्यांच्या खाली बोटाएवढं एक काळं यंत्र. त्याला सगळे किल्ली म्हणायचे.

ही किल्ली कशाची, ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणाला शिव्या द्यायच्या ते कळेल.

गाडीचा एक साधा खिळा घेतला, तरी तो तीन-चार वर्कशॉप फिरून मोठ्या कंपनीत पोचतो. एकाने कातला, दुसऱ्याने भट्टीत घालून कडक केला, तिसऱ्याने मुलामा दिला. प्रत्येकाने लिहून द्यायचं की माल तपासला, चोख आहे. आता कागदच तो! कागदावर शिक्का मारायला काय लागतं? खोटे दाखले इतके माजले, की कंपन्यांनी लहान वर्कशॉपचा माल घ्यायलाच नकार द्यायला सुरुवात केली. तेव्हा वर्कशॉपवाल्यांच्या संघटनेने विजयश्रीला गाठलं. तिने नोकरी सोडली आणि सगळ्यांसाठी एक नोंदवही बांधली. ब्लॉकचेन म्हणतात ती तऱ्हा. वहीची प्रत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर, आणि एकदा लिहिलेली ओळ ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही. लोक तिला साखळी म्हणू लागले. साखळीवर ज्याचं नाव हिरवं, त्याचा माल कंपनीच्या गेटातून आत. नाव लाल झालं की ट्रक गेटावरून माघारी.

नाव लाल कुणी करायचं, हिरवं कुणी करायचं, नवा सभासद कुणी घ्यायचा, जुना कुणी काढायचा? सुरुवातीला त्याचं उत्तर एकच होतं: रूट. रूट म्हणजे मालकाची किल्ली, आणि ती विजयश्रीकडे. तिच्या कोडमध्ये अशा सदतीस जागा होत्या जिथे लिहिलेलं होतं, की हे काम फक्त रूट करील, बाकीच्यांनी दार वाजवू नये.

बाई सरळ होती म्हणून निभावलं. कुणाची तक्रार आली तर स्वतः जाऊन माल बघायची, दोन्ही बाजू ऐकायची, मग किल्ली लावायची. स्वतःच्या बापाच्या लेथवर कातलेले खिळे बोथट निघाले, तेव्हा तिने बापाचंही नाव सहा दिवस लाल ठेवलं होतं! यशवंतराव आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. गावभर झालं. पण त्यानंतर तिच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

साखळीत सगळ्यात शेवटी आला तो भिमाजी सानप. महाळुंग्याला त्याची लहानशी भट्टी, हार्डनिंगचं, म्हणजे माल कडक करायचं काम. यशवंतराव आणि भिमाजी एकाच गावचे, आष्टी तालुक्यातले. एकाच दिवशी एस.टी.ने पिंपरीत उतरले आणि लग्नं होईपर्यंत काळेवाडीत एकाच खोलीत राहिले. एकच लोखंडी खाट, आळीपाळीने झोपायचे, एक दिवसपाळीला तर दुसरा रातपाळीला. विजयश्रीला हा माणूस सख्ख्या काकासारखा. त्याला हे कॉम्प्युटरचं खूळ पटत नव्हतं. ती चार वेळा गेली, चार वेळा चहा पिऊन परत आली. पाचव्यांदा भिमाजी म्हणाला, "पोरी, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पर तू बांधलंय ना? मग लिव माझं नाव."

असं सगळं बरं चाललेलं. मग विजयश्रीच्या पोटात खडे निघाले, ऑपरेशन झालं आणि ती चार दिवस दवाखान्यात पडली. नेमकं त्याच दिवसांत वर्षाची मुदत संपून कुरुळीच्या किसन स्प्रिंगवाल्याचं नाव आपोआप लाल झालं, आणि पुन्हा हिरवं करायला रूटच हवा. किल्ली पर्समध्ये, पर्स कपाटात, बाई ग्लानीत! किसनचे दोन ट्रक तीन दिवस गेटावर उन्हात उभे. त्याची बायको दवाखान्यात येऊन रडली. पाठोपाठ एका मोठ्या कंपनीचा तपासनीस आला. त्याने सगळी साखळी बघितली, मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "मॅडम, तुम्हाला वाटलं तर तुम्ही एकट्या इथलं काहीही बदलू शकता? मग ही साखळी कसली? ही तर तुमची खासगी वही झाली." बोलणं खरं होतं. तिला ते झोंबलं.

आणि इथे आले आमचे अवधूतराव!

अवधूत म्हणजे संघटनेचा सेक्रेटरी. ताथवड्याला विजयश्रीच्या वर्गात होता, तिला विजू म्हणायचा. साखळीसाठी वर्कशॉप-वर्कशॉप हिंडताना दोघांनी एका वडापावचे दोन भाग करून खाल्लेले. माणूस बोलायला असा गोड, की मुंग्या लागाव्यात. ऑपरेशननंतर तो शहाळी घेऊन आला आणि म्हणाला, "विजू, तुझ्या एकटीच्या डोक्यावर हे ओझं बरं नाही. उद्या तुला काही झालं तर? आणि लोकांची तोंडं काय धरणार? एका बाईच्या मुठीत सगळा पट्टा, असं कुजबुजतात. पाच पंच नेमू. पाचातली तीन मतं पडली की काम होईल, नाही पडली तर नाही. पाचामुखी परमेश्वर."

तिला हे मनापासून पटलं, हेच तर दुर्दैव. तिने जगभरची उदाहरणं वाचली. जाणकार लोक मालकाची एकटी किल्ली काढून सभेच्या मतावर कारभार चालवतात, हे तिला माहीत होतं. बरोबरच आहे ते, चूक काहीच नाही. अडीच महिने ती खपली. सदतीस जागांपैकी प्रत्येक जागी जिथे 'फक्त रूट' होतं, तिथे आधी 'रूट किंवा तीन पंच' केलं. दीड महिना दोन्ही वाटा चालू ठेवून तपासल्या. मग रूट हा शब्दच काढून टाकायला बसली. निरंजन चेष्टेने म्हणाला, "स्वतःच्या अधिकाराचा राजीनामा स्वतः टाइप करणारी तू पहिलीच असशील." ती हसली. खरं तर तिला अभिमान वाटत होता, आणि वाटावा असंच ते काम होतं.

पंच ठरले. अवधूत एक. मुलामा देणारा श्रीपाद दुसरा. रबरी वॉशर करणाऱ्या सुमनताई तिसऱ्या, किसन चौथा. पाचवे कोण म्हणताच सगळे एका आवाजात म्हणाले, यशवंतराव. ज्याच्या लेकीने त्याला सहा दिवस लाल ठेवलं, तो माणूस पक्षपात करायचा नाही.

खंडेनवमीला कार्यक्रम केला. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडे मशीन बंद असतं आणि हत्यारांची पूजा असते. संघटनेच्या हॉलमध्ये लाल कापडावर व्हर्निअर, पाने, हातोडे मांडलेले, झेंडूच्या माळा, आणि मध्ये पंचांच्या पाच नव्या किल्ल्या हळदकुंकू लावून. मग तेवढ्यापुरता सुमनताईंच्या वर्कशॉपमधला प्रेस चालू करून त्याखाली विजयश्रीची जुनी किल्ली ठेवली. पायडल तिनेच दाबलं. कट्ट आवाज झाला, काळा भुगा झाला आणि टाळ्या पडल्या. अवधूतने तिला पेढा भरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळ्यांच्या देखत.

आता जी चूक झाली, ती दुसरीकडे कुठे झाली नसती. तिथेच व्हायची.

संघटनेच्या ऑफिसात अवधूतच्या टेबलाला एक खोल ड्रॉवर. त्यात बेचाळीस वर्कशॉपचे रबरी शिक्के पडलेले असत, वर्षानुवर्षं. मालक मशीनवर, हात तेलात. ट्रक निघताना चलनावर शिक्का हवा, तर कोण धावणार? म्हणून शिक्का सेक्रेटरीकडे टाकून ठेवायचा आणि निर्धास्त व्हायचं, ही जुनी रीत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पेढे वाटून झाल्यावर श्रीपादने आपली किल्ली त्या ड्रॉवरमध्ये टाकली. "माझ्याकडं हरवंल राव, इथंच ऱ्हाऊ दे." सुमनताईंनी टाकली, किसनने टाकली, यशवंतरावांनीही टाकली. किल्लीचा चार आकडी गुप्त नंबर विसरायला नको म्हणून प्रत्येकाने चिकटपट्टीवर लिहून तो किल्लीलाच चिकटवला. कप्पाळ! विजयश्री तिथेच होती. तिने बघितलं आणि ती हसली. हसली हो! अडीच महिने खपून एका हातातली सत्ता पाच हातांत वाटली, आणि पेढ्याचा हात पुसायच्या आत ती पुन्हा एका ड्रॉवरमध्ये गेली. कोड विचारायचं, तीन मतं पडली का? ती कुणाच्या बोटाने पडली, हे विचारायची सोय त्यात नव्हती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

चार महिने काही झालं नाही. मग माघातल्या एका सोमवारी सकाळी अकराला भिमाजीचा फोन. "पोरी, माझी गाडी गेटावरनं माघारी आली. नाव लाल दाखवत्यात. काय झालं गं?"

तिने लॅपटॉप उघडला. ठराव होता. भिमाजी सानप यांच्या हार्डनिंगमधल्या पिना तडकल्याची तक्रार. मतं तीन: अवधूत, श्रीपाद, यशवंतराव. तीस दिवसांत उलट तीन मतं पडली नाहीत, तर नाव साखळीतून कायमचं कमी. ही तीस दिवसांची अट तिनेच लिहिलेली. तिचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला.

तिने आधी श्रीपादला फोन केला. "श्रीपादभाऊ, कुठल्या पिना तडकल्या?"

"कसल्या पिना? मी सकाळपासनं मुलाम्याच्या टाकीवर हाय, ताई."

झालं, तिला सगळं कळलं. निदान तिला वाटलं तरी, की सगळं कळलं. श्रीपादची किल्ली ड्रॉवरमधली, अप्पांची, म्हणजे यशवंतरावांचीही ड्रॉवरमधली, दाबणारं बोट अवधूतचं. ती तडक ऑफिसात गेली. वाटेत तिला आठवलं, की अवधूतच्या मेव्हण्याने गेल्याच महिन्यात निघोज्याला नवी भट्टी टाकली, तीही हार्डनिंगचीच. उद्घाटनाला हिने नारळ नेला होता.

"अवधूत, केसाने गळा कापलास रे," ती दारातूनच म्हणाली.

अवधूतने खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास सरकवला. "विजू, बस. नियमाच्या बाहेर काय झालंय ते दाखव. नियम तूच लिहिलास."

"श्रीपादला ठाऊकसुद्धा नाही!"

"त्याने स्वतः किल्ली दिली, तुझ्यासमोर. मी चोरली का? हवं तर विचार त्याला, मत मागे घेतो का. तीन मतं आण आणि नाव हिरवं कर, मी आडवा येणार नाही."

"आणि अप्पांची किल्ली वापरलीस? ज्या माणसाने भिमाकाकांबरोबर अर्धं आयुष्य काढलं, त्याच्या नावाने?"

अवधूतने ड्रॉवर पायाने आत ढकलला. मग म्हणाला, "अप्पांचं मत मी दाबलेलं नाही."

"खोटारडा!" ती म्हणाली आणि निघून आली. त्या दिवशी त्या माणसाने खरं म्हणून तेवढं एकच वाक्य उच्चारलं होतं, आणि तिने नेमकं तेच मानलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. तीन मतं हवी होती. सुमनताई बाई खमकी. ऐकल्याबरोबर ऑफिसात गेली, ड्रॉवर उघडून आपली किल्ली काढली, नंबराची पट्टी ओरबाडून टाकली आणि जागच्या जागी मत दिलं. एक झालं. किसनने मात्र दमवलं. आज गावाला, उद्या बँकेत, परवा पाठ धरली. एकोणिसाव्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला भर दुकानात सुनावलं, "आपले ट्रक उन्हात उभे होते तेव्हा हिनेच दवाखान्यातून उठून सोडवले. दाबा म्हणते ना!" दोन झाली. श्रीपाद मान खाली घालून बसला. निघोज्याच्या नव्या भट्टीचा सगळा माल मुलाम्याला आता त्याच्याकडे येत होता. "ताई, पाया पडतो, मला यात ओढू नका," एवढंच म्हणत राहिला.

तिला श्रीपादची फारशी पडलीच नव्हती. तिसरं मत घरचं होतं! यशवंतराव पुतण्याच्या लग्नाला आष्टीला गेलेले, तिकडेच रमलेले. फोनवर म्हणत, "येतो की, आल्यावर बघू." तिने भिमाजीलाही सांगून टाकलं, काका, काळजी करू नका, अप्पा आले की नाव हिरवं. भिमाजीने तीन कामगारांपैकी दोघांना घरी पाठवलं होतं. भट्टी मात्र मंद चालू ठेवलेली. म्हणाला, "यशवंत येतोय म्हंजे झालंच की."

सव्विसाव्या दिवशी यशवंतराव परतले. ती दुपारी काळेवाडीला गेली, तेव्हा ते पाटावर बसून पिठलं-भाकरी जेवत होते. आई तव्याशी.

"अप्पा, जेवण झालं की लगेच संघटनेच्या ऑफिसात जाऊ. ड्रॉवरमधून तुमची किल्ली काढू, तुमचं मत पडलं की सुटले भिमाकाका."

यशवंतराव घास चावत राहिले. मग डाव्या हाताने बंडीच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

"माझ्याजवळच हाय."

"कधी काढलीत?"

"संक्रांतीच्या आधी."

विजयश्रीने किल्लीकडे बघितलं, मग बापाकडे. तिला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. तिने आईकडे बघितलं, तर आईने पाठ फिरवून भाकरी थापायला घेतली. म्हणजे आईलाही ठाऊक होतं.

"मग ते मत..."

"मीच दाबलं. ह्याच बोटानं." आवाज चढला नाही की पडला नाही. "माझ्या दोन लेथ चार म्हैने झाकून व्हत्या. अवधूत आला. म्हणला, मेव्हण्याच्या भट्टीला मोठं काम लागतंय, कातायचं सगळं तुमच्याकडं देतो. पर भिमाजी हाय तोवर कंपनी तिकडं वळत न्हाई."

"पिना तडकल्या होत्या का अप्पा? एक तरी?"

"न्हाई."

"त्या माणसाच्या खाटेवर झोपलात तुम्ही!"

"चाळीस वरसं झाली त्याला." मग त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते तिच्या जिव्हारी लागलं. "तुझ्या हातात किल्ली व्हती, तवा अवधूत माझ्याकडं आला का? कुणाची हिंमत व्हती? तू मला सा दिवस लाल ठिवलं, मी गुमान ऱ्हायलो. का, तर पोरगी समद्यांना सारखी धरती. तू ती किल्ली मोडलीस. वाजतगाजत मोडलीस. मग ज्याच्या हाती ससा तो पारधी. आता जो हाय त्याच्याशी आमी जुळवून घेऊ न्हाई, तर काय करू?"

"आत्ता दाबा, अप्पा. अजून चार दिवस आहेत. उलट मत द्या."

"आन् ते काम गेल्यावर लेथ काय तू चालवशील?"

ती रडली, भांडली, शेवटी हात जोडले. बापापुढे हात जोडायची वेळ यावी! यशवंतरावांनी किल्ली उचलून बंडीत ठेवली आणि आईला ताक मागितलं. ओठही आपले, दातही आपले, सांगणार कुणाला? ती जिन्यावरून उतरताना आई मागे आली आणि पुटपुटली, "बापावर राग धरू नगं." विजयश्रीने तिच्याकडे वळून बघितलं नाही.

मोठ्या कंपनीच्या साहेबाला तिने सगळं समजावलं. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे नाव हिरवं दिसलं पाहिजे, बाकी तुमचा अंतर्गत मामला. तिने कोड पुन्हा पुन्हा चाळलं. पण नवीन काही घालायचं तरी तीनच मतं लागायची, इतकं चोख काम तिने केलेलं. एकही खिडकी उघडी नव्हती. पोलिसात जावं, तर चोरी कसली, नियमाप्रमाणे ठराव झालाय! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि संघटनेत तक्रार करावी, तर ती लिहून घेणारंही कुंपणच.

तिसाव्या दिवशी चार वाजता ती महाळुंग्याला गेली. पाच वाजता नाव जाणार होतं. चार दिवस ती भिमाजीला फोनवर काहीबाही सांगत राहिली होती, अप्पांना बरं नाही, अप्पा बाहेर आहेत. भिमाजी भट्टीपुढे स्टुलावर बसलेला. तिला बघून त्याने दुसरं स्टूल पुसून दिलं.

"न्हाई झालं ना?" तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. मला एक कर. तू म्हणली व्हतीस, कुणी मत दिलं ते समद्यांना दिसतं. मला ते बारीक अक्षर वाचाया येत न्हाई. कोणी कोणी मला काढलं, ती नावं वाच."

खोटं बोलायला तिला तिथे कुणी अडवलं नसतं. तिने फोन काढला.

"अवधूत."

"ते ठाऊक हाय."

"श्रीपाद."

"व्हय. आन् तिसरं?"

"यशवंतराव."

"कुठला यशवंतराव?" भिमाजीने विचारलं. त्या पट्ट्यात जसे काही चार-पाच यशवंतराव होते!

"माझे अप्पा."

भिमाजीने हातातला चिमटा खाली ठेवला. जरा वेळाने त्याचा चेहरा सैल झाला. "आगं, मग ते बी अवधूतनंच दाबलं आसंल. ड्रॉवरमधनं. यशवंताला काय ठाऊक त्यातलं."

आयती वाट होती. एक "हो" म्हटलं असतं तर एका माणसाचा मित्र वाचला असता, तिचा बाप वाचला असता. तिचे ओठ हललेही. पण त्या साखळीवर तिने आयुष्यात एकही खोटी ओळ लिहिली नव्हती, आणि या माणसासमोर ते जमेना.

"नाही काका. त्यांनी स्वतः दाबलं. माझ्यासमोर कबूल केलं."

"कधी?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस," भिमाजी म्हणाला. "चार दिवस तू मला सांगत व्हतीस, यशवंताला बरं न्हाई."

अवधूतने फसवलं, श्रीपादने फसवलं, बापाने फसवलं, आईनेही लपवलं, असं महिनाभर मोजत आलेली बाई. त्या रांगेत आपलंही नाव आहे, हे तिला त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा दिसलं.

"किल्ली तुज्याकडं व्हती तवर मी बिनघोर व्हतो," भिमाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी साखळीत न्हाई आलो पोरी, मी तुज्याकडं आलो. ती किल्ली मोडायच्या आधी एकदा येऊन इचारायचं व्हतंस. त्या तपासनीस साहेबाचं ऐकलंस, अवधूतचं ऐकलंस. ज्यांचं पोट त्याच्यावर, त्यातल्या एकाला तरी इचारलंस का?"

तिने खरोखर आठवून बघितलं. नव्हतं विचारलं. बेचाळीस जणांना पेढे दिले होते, विचारलं कुणालाच नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर भिमाजी उठला. भिंतीवरचा मेन स्विच त्याने दोन्ही हातांनी खाली ओढला. भट्टीचं घुंघुं थांबलं तसा शेवटच्या कामगाराने आपला डबा उचलला आणि दोघांच्या मधून वाट काढत बाहेर पडला. भिमाजीने शटरची सळई हातात घेतली.

"यशवंताला सांग, माज्या दारात पाऊल ठिवायचं न्हाई."

"सांगते."

ती पर्स घेऊन बाहेर आली. शटर अर्ध्यावर आलं तेव्हा तो खाली वाकला आणि आतूनच म्हणाला, "तू बी."